मंगलाबाईंच्या काचा

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, मी भंडाऱ्यात पॅथॉलॉजीची लॅब उघडली, आणि त्याच महिन्यात मंगलाबाई बाटल्या धुवायला आल्या. जवळच्याच शहापूरहून यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक डबा माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "साहेब, याच्यावर नाव नाई. कोणाचा हाय, आठवते का तुमाले?" डब्यात कुणाच्या तरी मानेतली गाठ होती आणि मला आठवत नव्हतं. मी खेकसलो. मग तासभर कागद चाळून नाव शोधलं. तोवर त्या बाजूला उभ्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या या न बोलण्याचा मला पुढे वीस वर्षं त्रास झाला.

बाटल्यांवरून त्या काचांवर कशा आल्या, ते मलाही नीट सांगता येणार नाही. आमच्याकडे गाठीचा तुकडा मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. मशीनवर त्याचे इतके पातळ काप काढायचे की केसाच्या जाडीत वीस बसावेत. तो काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर अलगद उचलायचा. माझा टेक्निशियन लग्नाला म्हणून गेला आणि पंधरा दिवस उगवला नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः काप काढायला बसलो आणि चार ब्लॉकचा भुगा केला. मंगलाबाई हात पुसत आल्या, म्हणाल्या, "सरका जी." त्यांनी काढलेला पहिला काप माझ्या आजवरच्या सगळ्या कापांपेक्षा चांगला होता. मला राग आला. त्यांना मी बारावीला बसवलं, मग डिप्लोमाला, ते अर्धं कौतुकानं आणि अर्धं त्या रागानं.

दोन हजार अठरा साली मी एक नवी तपासणी सुरू केली. भंडाऱ्यात हे कशाला, नागपूर काय लांब आहे, असं सगळ्यांनी विचारलं. माझा स्वभाव हट्टी आहे, एवढंच उत्तर होतं. कॅन्सरच्या पेशीवर पीडी-एल-वन नावाचं एक प्रथिन कधी असतं, कधी नसतं. असलं की ते शरीराच्या शिपायांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, थोपवून धरतं. ज्यांच्या गाठीवर ते भरपूर असतं त्यांना एक नवं औषध बरंच लागू पडतं, कारण ते औषध हा अडसर काढतं. हे प्रथिन शोधायला प्रयोगशाळेत तयार केलेली अँटिबॉडी मिळते. ती नेमकी त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि मग रंग दिला की तेवढीच जागा तपकिरी होते. बाकी सगळं निळं राहतं.

मोठ्या लॅबमध्ये हे काम यंत्र करतं. आमच्याकडे मंगलाबाई करायच्या, अंगठ्याएवढ्या बाटलीतली अँटिबॉडी थेंबाथेंबानं घालून. त्याआधी काचा उकळाव्या लागतात, त्यासाठी साधा घरचा प्रेशर कुकर होता. एखादा डॉक्टर लॅब बघायला आला की मी कुकर लपवायचो आणि मंगलाबाई तो पुन्हा ओट्यावर आणून ठेवायच्या.

अशा तपासणीत एक साक्षीदार लागतो. ज्यात ते प्रथिन नक्की आहे असा एखादा तुकडा त्याच काचेच्या कडेला लावतात. तो तपकिरी झाला तर अँटिबॉडीनं काम केलं असं धरायचं. बाळंतपणात पडणारी वार यासाठी उत्तम. त्याचं कारण मी मंगलाबाईंना सांगितलं होतं: बाळ आईला अर्धं परकं असतं, तरी आईचे शिपाई त्याच्यावर तुटून पडत नाहीत, कारण वारेवर हेच प्रथिन असतं. कॅन्सरनं ती युक्ती उचलली आहे. त्या म्हणाल्या, "म्हंजे चोरलं पोराचं."

त्यांची आई पवनीत सुईण होती. वार अंगणात पुरायची, वाटेल तिथं टाकायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे समोरच्या प्रसूतिगृहातून वार मागायला त्या कुणाकडे जाईनात. शेवटी त्यांची मुलगी प्रतिक्षा तिथंच बाळंत झाली, तेव्हा तिच्याच संमतीनं त्यांनी बोटाच्या पेराएवढा तुकडा लॅबसाठी घेतला आणि बाकीची वार शहापूरला अंगणात पुरली. नात झाली, तिचं नाव रुचिता. तेव्हापासून तो ब्लॉक 'रुचिता' झाला. सकाळी त्या काच सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आणि मला ओरडून सांगायच्या, "रुचिता बराबर हाय." मग मी पेशंटचा तुकडा बघायचो.

त्यांच्या हातून एकच मोठी चूक झाली, आणि ती बाईमाणसाच्या टापटिपीतून झाली. दर वेळी मशीनवर चढवून रुचिताचा ब्लॉक वाया जाऊ नये म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात, पापड-कुरडया करून ठेवाव्यात तसे, वर्षभराचे काप एकदम काढून काचांवर लावून ठेवले. श्रावणापर्यंत रुचिता फिकी पडायला लागली. मी अँटिबॉडी विकणाऱ्या माणसाला फोनवर नको ते बोललो. कुकरची रबर बदलली. पाणी बदललं. तपासण्या थांबवल्या. शेवटी मंगलाबाईंनी ताजा काप काढून जुन्याच्या शेजारी लावला. ताजा गर्द तपकिरी झाला, जुना कोराच राहिला. कापून ठेवलेल्या काचेवर हे प्रथिन महिन्यामहिन्यानं ओसरत जातं, ब्लॉकच्या आत मात्र टिकतं. पुस्तकात हे लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या प्रत्येक काचेवर पेन्सिलीनं कापल्याची तारीख घालू लागल्या. मी सेल्समनची माफी मागितली नाही, ती त्यांनी माझ्या वतीनं मागितली.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या थोरल्या भावाच्या काचा आल्या. मंगरूदादा पवनीत तीस वर्षं पोस्टमन होते. फुप्फुसात कॅन्सर निघाला होता. नागपूरला तपासणीसाठी तुकडा काढला, तेव्हाच पुढं लागतील म्हणून चार काचा जास्तीच्या कापून दिल्या होत्या. आता तिथले डॉक्टर म्हणत होते की हे प्रथिन भरपूर निघालं तर नवं औषध देऊ, नाहीतर आधीचीच केमो चालू ठेवावी लागेल. त्या केमोनं दादा पार वाळले होते. त्यांचा मुलगा अनुप काचा घेऊन आला आणि निरोपही: "बाबा म्हणते, आत्यानंच करावं. अन् जे निघन ते आत्यानंच येऊन सांगावं, कागद पाठवू नये."

मंगलाबाईंनी काचेच्या कडेला रुचिताचा ताजा काप लावला आणि काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काही ओरडल्या नाहीत. काच माझ्यासमोर ठेवून बाजूला उभ्या राहिल्या. मी पाहिलं. कडेला रुचिता गर्द तपकिरी. दादांची गाठ निळी, तपकिरी रंगाचा ठिपकाही नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी घाई करतो. मी रिपोर्टवर 'निगेटिव्ह' लिहायला घेतलं.

"थांबा जी," त्या म्हणाल्या. "झाडूवाले पाहा."

फुप्फुसात धूळ-काजळी गिळणाऱ्या पेशी असतात, त्यांना मंगलाबाई झाडूवाले म्हणत. त्यांच्यावर हे प्रथिन थोडंफार असतंच, कॅन्सर असो की नसो. दादांच्या तुकड्यात ते काजळी पोटात घेऊन ढिगानं बसले होते आणि तेही कोरे होते.

"रुचिता बरोबर आहे ना?" मी म्हणालो.

"रुचिता कालची हाय. दादाच्या काचेवर तारीख कुठं हाय? चार महिने झाले असन कापून. पुरा उन्हाळा गेला."

"मंगलाबाई, तुमचा भाऊ आहे म्हणून तुम्हाला तपकिरी हवं आहे."

हे मी बोललो. आजही आठवलं की कानशिलं तापतात. त्यांचा आवाज चढला नाही. "हवं तर हायच साहेब. पन दुसऱ्याचा भाऊ अस्ता त तुमीच म्हणाले अस्ते, थांब म्हणून."

मी पेन खाली ठेवलं. ब्लॉक कुठं आहे ते अनुपला विचारलं. दवाखान्यानं तो 'जपून ठेवा' म्हणून घरी दिला होता. अनुपनं काचा आणल्या, कारण त्या तपासणीच्या वाटत होत्या. मेणाचा ठोकळा त्याला कशाचा तरी बूच वाटला. उन्हाळ्यात मेण वितळेल या भीतीनं दादांनी तो डबीत घालून धानाच्या कोठीत कोपरभर खोल पुरून ठेवला होता. अनुप दुसऱ्या दिवशी डबी घेऊन आला तेव्हा तिच्या झाकणात धानाचे दाणे अडकले होते. मेणाला कुठंही धक्का नव्हता.

मंगलाबाईंनी ताजा काप काढला. मी उगाच त्यांच्या मागे घुटमळत होतो, तर त्यांनी मला चहा प्यायला पिटाळलं. कुकरची शिट्टी मी बाहेर ऐकली. पंचवीस वर्षं मी हे काम करतोय, पण काचेसाठी इतका अस्वस्थ मी कधीच झालो नव्हतो. दादांना ते औषध मिळावं असं मलाही अगदी मनापासून वाटत होतं, आणि मी मंगलाबाईंना त्याच गोष्टीसाठी बोललो होतो.

काच आधी त्यांनी पाहिली. खूप वेळ पाहिली. मग डोळा न काढता म्हणाल्या, "रुचिता बराबर हाय. झाडूवालेही बराबर हायेत, सारे रंगले." मग म्हणाल्या, "दादाचंच नाई."

मी पाहिलं. तसंच होतं. झाडूवाल्यांभोवती स्वच्छ तपकिरी कड, आणि मध्ये गाठ निळीच्या निळी. मला म्हणावंसं वाटलं की मग एवढं सगळं कशाला केलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता लिहा," आणि मला ते म्हणावं लागलं नाही. पहिल्या दिवशी मी जे लिहिणार होतो तेच शब्द मी लिहिले. पण त्या दिवशी ते खरे आहेत की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि आज होतं.

रविवारी मी त्यांना गाडीनं पवनीला नेलं. वाटेत त्या एकदाच बोलल्या, गाडी हळू चालवा म्हणून. मंगरूदादा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी आधी बहिणीचे हात पाहिले. हात रिकामे होते, रिपोर्ट माझ्या खिशात होता.

"नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाई दादा."

"पक्कं?"

"पैल्यांदा साहेब म्हणत होते तवा पक्कं नोतं. आता पक्कं हाय. मीनं पाहिलं."

दादांनी मान हलवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मला कळलं की हे न बोलणं त्यांच्या घरातलंच आहे. मग त्यांनी मेणाचं विचारलं. मंगलाबाईंनी पिशवीतून डबी काढून दिली. दादांनी ती अनुपकडे दिली आणि कोठीत जागच्या जागी ठेवायला सांगितलं. मग ते खाटेवर जरा सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"तीस वर्षं मी लोकाईच्या दारात असले कागद देल्ले, मंगले," ते म्हणाले, "अन् सायकल घेऊन पुढं निंगून गेलो. तू बस जराशी."

मंगलाबाई बसल्या. मला गाडीपाशी थांबायचं होतं, पण दादांनी मलाही बसवलं.