साय न धरणारं दूध

आत्याबाईंनी जन्मभर धुळ्याकडे म्हशी पाळल्या. माझ्या सासूबाई त्या. दूध चांगलं की वाईट हे त्या फक्त सायीवरून ठरवतात. साय जाड आली तर दूध, नाही आली तर त्यात कोणीतरी पाणी घातलं. तिसरं काही त्यांना ठाऊक नाही.

शहरातली, बमरोलीतली खोली सोडून आम्ही कामरेजच्या पुढे एका गुजराती शेठच्या तबेल्यावर राहायला आलो. तबेला गाढवांचा. चारा-शेण ह्यांच्याकडे, दूध काढणं माझ्याकडे. ते दूध साबण आणि क्रीम बनवणाऱ्यांकडे जातं. गाढवी एका वेळेला जेमतेम पेलाभर देते, म्हणून दिवसातून पुन्हा पुन्हा बसावं लागतं. शिंगरू थोडा वेळ बाजूला बांधायचं आणि काढताना तिच्या तोंडाजवळ आणून उभं करायचं, मग ती पान्हा सोडते. नाहीतर चोरते. मला हे काम आवडतं. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही.

आत्याबाई राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या बरणीतलं पेलाभर दूध चुलीवर ठेवलं. एवढं कष्टाचं दूध. उकळलं, निवलं. वर काहीच नाही.

"हाई दूध से का पानी?" त्यांनी विचारलं.

"गाढवीचं असंच असतं, आत्याबाई. पातळ आणि गोड. त्याला साय धरत नाही."

"माले दूध शिकाडू नको."

मग हे रोजचंच झालं. रोज एक पेला चुलीवर, रोज फुंकर मारून आत बघणं, रोज माझ्याकडे बघणं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आई म्हणते तर काहीतरी असेल." आता काय असेल? मी समोर बसून काढते, ह्यांच्याच हातात बरणी देते.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी सोसलं असतं. पण शेठ आले तेव्हा त्या सरळ पुढे गेल्या. म्हणाल्या, सून दुधात पाणी घालते, तुम्ही दुसरी बाई बघा. स्वतःच्या सुनेबद्दल, परक्या माणसाला. काम गेलं असतं तर राहायची जागाही गेली असती, त्यांचीसुद्धा. तेवढाही विचार नाही.

शेठ माझ्याकडे वळले. "बेन, सच बोलो. पानी तो नहीं डालती?"

मी पदर ओढला. गप्प राहिले की माणूस चोर दिसतो हे कळत होतं. मी तशीच आत गेले, आत्याबाईंचंच पातेलं आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. शिंगरू सोडून गाढवीपुढे उभं केलं आणि बाजूला झाले.

त्या बसल्या. म्हशीसारखी जोराने ओढ दिली, तशी गाढवीने पाय झाडला. ह्यांनी तिला धरलं. मी शिंगरू आणखी जवळ नेलं, तेव्हा कुठे धार लागली. पातेल्याचा तळ झाकला एवढंच दूध. ते आत्याबाईंनी स्वतः उचललं, स्वतः चुलीवर ठेवलं आणि निवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. शेठही खाटेवर बसून राहिले.

साय नाही.

आत्याबाईंनी पातेलं वाकडं करून पाहिलं, बोट फिरवलं, बोट चाटलं.

"मंग गधडीच पानी टाकस," त्या म्हणाल्या.

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना ह्यांना म्हणाले, "दूध ये बेन ही निकालेगी." मी मान हलवली. आत्याबाईंकडून, चुकलं गं पोरी, एवढं तरी येईल असं वाटलं होतं. उलट त्यांनी ह्यांना म्हशींना घालतात ती सरकी आणायला सांगितली. म्हणे सरकी चारली की साय कशी येत नाही ते बघते.

ह्यांनी आणलेलं सरकीचं पोतं मी कडब्यामागे लपवलं आहे, गाढवींची पोटं बिघडायला नकोत. काम राहिलं, जागा राहिली. पण पेला अजून रोज चुलीवर चढतो. त्या फुंकर मारतात, आत बघतात. मग माझ्याकडे बघतात.