भीमाकाठची राक्षसाची दाढ

मी तीस वर्षं कॉलेजात दगड शिकवले. पुस्तकातले जास्त, हातातले कमी. त्यामुळे दत्ताचा फोन आला तेव्हा दुसऱ्याच दिवशी सोलापूर गाठलं. दत्ता माझा जुना विद्यार्थी, आता चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला. म्हणाला, "सर, गावाकडं आमच्या मावशीजवळ राक्षसाची दाढ हाय. कुनाचा दात दुखला की उगाळून लावती. लौकर या, न्हायतर संपंल की!"

वाटेत नेमका मंद्रूपचा आठवडी बाजार. दत्ताची मोटारसायकल शेळ्या आणि कांद्याच्या पोत्यांत अर्धा तास अडकली. पुढे भीमेपर्यंत नुसती काळी रानं आणि ज्वारी, इतकी सुंदर की माझी चिडचिड विरून गेली.

सोनामावशींनी आधी जेवायला वाढलं, दाढ मागाहून. कडक भाकरी (महिनाभर टिकणारी, पापडासारखी पातळ) आणि शेंगाची चटणी. मी अधाशासारखा तुटून पडलो आणि तिसऱ्या घासाला माझीच दाढ कळवळली!

"थांबा मास्तर, लावते की," म्हणत मावशींनी देव्हाऱ्यातून फडक्याचं गाठोडं काढून सोडलं. आत विटेएवढी काळपट दाढ. वर टाकीनं खाचा पाडलेल्या जात्यासारख्या आडव्या रेघा. हत्तीची! हजारो वर्षांपूर्वी भीमाकाठी चरणाऱ्या हत्तीची.

दुखरा गाल धरून मी भाषण सुरू केलं. युरोपात अशी हाडं राक्षसांची समजून देवळांत टांगली, चीनमध्ये ड्रॅगनची म्हणून औषधात कुटली. विद्वान कितीतरी वर्षं भांडले, तेव्हा कुठे ती जुन्या जनावरांची ठरली. मावशी ऐकता ऐकता दाढ सहाणेवर (चंदन उगाळायच्या दगडावर) फिरवत होत्या.

"मावशी, घासू नका!" मी ओरडून त्यांचा हात धरला.

त्या दचकल्या. दाढ सहाणेला टेकलीच नव्हती. बोटांखाली होती एक लवंग.

"बोलू नगा कुटं," त्या हळूच म्हणाल्या. "आमचं मालक, म्हादबा, बैलाचं दात बघून वय सांगायचे. बाजारात लोक त्यास्नी शोधत यायचे. लगीन होऊन आले तवा सासूबाई ही दाढ उगाळायच्या. मालकांनी बघितली आन् म्हनले, ह्यो राक्षस न्हाय. मांस खानाऱ्याची दाढ अशी सपाट झिजत न्हाय. हे वैरण रगडणारं जनावर हाय, बैलापरीस लई मोठं. त्याची उमर हितं लिवलीया, पुसू नगंस."

विद्वानांचं भांडण या माणसाने ओसरीवर बसून मिटवलं होतं.

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"लवंगंला कोन येतंय मास्तर? राक्षसाला येत्यात." त्या हसल्या. मग दाढेवरून हात फिरवत म्हणाल्या, "पर आता वय झालं, डोळं अधू झालं. माज्या माघारी सून खरंच उगाळंल, तिला म्या सांगितलंय तरी पटत न्हाय. तुमी नेशीला का? नीट ठिवशीला?"

मी लगेच 'हो' म्हणालो. इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू त्यांनी पुन्हा फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. दत्ता म्हणाला, "मावशे, गाव काय म्हनंल?" त्यावर मावशींनी डबाभर लवंगा पुढे सरकवल्या. "गावाला ह्या हायत्या की."

परतीच्या गाडीत दाढ मांडीवर होती. माझं दुखणं थांबलं होतं, मावशींनी लावलेल्या लवंगेनं की आनंदानं, देव जाणे. अशी हाडं जगात पहिल्यांदा कुणी ओळखली, त्यांची नावं मी मुलांकडून पाठ करून घेतली. त्यात कुणी बाजारात बैलाचं तोंड उघडणारा नव्हता. कॉलेजच्या संग्रहालयात पोचल्यावर मी कपाटासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. प्राणी : हत्ती. ठिकाण : भीमाकाठ. 'ओळख कोणी पटवली' या रकान्यात एरवी मी माझं नाव घालतो. आज तिथे लिहिलं : म्हादबा, बैलांचे पारखी.