संदर्भ: बाबा, पान एकतीस

लोक दिवाणाच्या पोटात गाद्या-रजया ठेवतात. हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिथे सासऱ्यांचं आत्मचरित्र आहे, गठ्ठ्यांनी. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि विदर्भातल्या लहानपणापासून पुण्यातल्या नोकरीपर्यंतचं सगळं लिहून त्यांनी स्वतःच छापून घेतलं. प्रकाशनाला झाडून सगळे नातेवाईक आले, जेवले, एकेक प्रत घेऊन गेले. मग बाबा फोन करून विचारायचे, "वाचलं का?" उत्तर ठरलेलं, "वाचतोय, फार छान आहे." चार वर्षं लोक वाचतच होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे तर फुकटही खपलं नाही.

मी हौसेने एका ऑनलाइन मराठी शब्दकोशाचं काम करते. अर्थ लिहिणं सोपं असतं. पण अर्थाखाली छापील पुस्तकातलं एक वाक्य आणि पान क्रमांक द्यावाच लागतो. 'दावं' या शब्दासाठी मी मोठमोठ्या कादंबऱ्या पालथ्या घातल्या. वेदना हवी तेवढी मिळाली, दावं मिळेना. जनावर बांधायच्या साध्या दोरीवाचून आपल्या थोर साहित्यिकांचं काहीच अडलेलं दिसलं नाही. शेवटी वैतागून दिवाण उघडला. पान एकतीस: 'आईने शेळीचं दावं व्यापाऱ्याच्या हातात दिलं आणि माझ्या शाळेची सोय झाली.' टाकलं. 'धार' अडली, तर पान बावन्न: 'शेळीची धार काढता काढता आई माझे पाढे घ्यायची.' तेही टाकलं.

बाबांना हे कळलं आणि घरात दुसरा विषय उरला नाही. सकाळी चहाबरोबर विचारणा सुरू. "आज कुठला शब्द? उखळ घेतलंस का? माझ्याकडे चांगलं उखळ आहे, पान सत्तरवर." नातेवाइकांना फोन गेले, "आपण आता शब्दकोशात आहोत." तिकडून उत्तर आलं, "हो का? फार छान!"

मग शब्दकोशाचे संपादक जागे झाले. हे गृहस्थ कोण, कुठले, मला आजही ठाऊक नाही. पण त्यांच्या शेऱ्यावरून पेठेतले असावेत. 'सदर ग्रंथ कोणाच्या पाहण्यात नाही. सार्वजनिक ग्रंथालयात असल्यास कळवावे. नसल्यास सर्व अवतरणे काढण्यात येतील.' बाबांनी निम्मा चहा तसाच ठेवला. "राहू दे," म्हणाले, "आपलं कोण वाचतंय." मला संपादकांचा असा राग आला की दुसऱ्याच दिवशी दोन प्रती घेऊन निघाले, स्वारगेटला बस बदलली आणि पेठेतलं एक जुनं ग्रंथालय गाठलं.

ग्रंथपालबाईंनी पुस्तक न उघडताच विचारलं, "देणगी की अडगळ?"

"देणगी."

"सगळे तेच म्हणतात. ठेवा तिथे."

ठेवलं. घरी येऊन संपादकांना ग्रंथालयाचा पत्ता कळवला आणि आम्ही वाट पाहत बसलो. बाबा रोज विचारायचे, "काढलं का आपल्याला?" मी रोज सांगायची, "अजून नाही."

अखेर एका रविवारी शेरा आला. बाबा शेजारीच होते, म्हणून मोठ्यानेच वाचला. 'अवतरणे ताडून पाहिली. पाने बरोबर. मात्र पान एकतीसवर विकलेली शेळी पान बावन्नवर दूध कशी देते, याचा खुलासा व्हावा. संपूर्ण पुस्तकात दुसरी शेळी घेतल्याचा उल्लेख नाही.'

माझं डोकंच फिरलं. "दावं विचारलं, दावं दिलं! यांना शेळीचं काय करायचंय?" असं म्हणेपर्यंत लक्षात आलं, की दोन्ही वाक्यं मीच टाइप केली होती. शेळी माझ्या बोटांखालून दोनदा गेली आणि मला दिसली नव्हती. मी शब्द शोधत होते. पुस्तक मीही वाचलं नव्हतं.

बाबा मात्र हसत सुटले, इतके की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "अगं, संपूर्ण पुस्तकात म्हणतोय तो. संपूर्ण!" मग जरा सावरून म्हणाले, "तीच शेळी होती. व्यापाऱ्याकडून दावं तोडून परत आली. आईने तिला चुलीची काजळी फासून काळी केली. व्यापारी शोधत आला, तर म्हणाली, आमची पांढरी होती, तुम्हीच नेली ना?"

"मग हे लिहिलं का नाही, बाबा?"

"अख्ख्या पुस्तकात आईला सत्यवचनी लिहून बसलो होतो. म्हटलं, जो वाचेल तो शेळीबद्दल विचारेलच. विचारलं की सांगू." त्यांनी चष्मा घातला. "चार वर्षं वाट बघितली, बाई."

त्यांनी सांगितलं तसा, एक शब्द न गाळता, मी खुलासा टाइप करून पाठवला. संध्याकाळी संपादकांचं उत्तर आलं: 'काजळी या शब्दाला अवतरण हवेच होते. परंतु ही हकीकत छापील नाही, सबब ग्राह्य नाही. दुसरा भाग कधी?'

बाबांनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाले, "दिवाणात जागा कर."