बघितलं तेवढंच

आमच्या गल्लीत अण्णांसमोर कुणाची कुचाळकी करायची सोय नव्हती. अमक्याची सून माहेरी निघून गेली, तमक्याने ओटा रस्त्यात सरकवला, काहीही सांगायला जा, अण्णा हातातली छिन्नी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "तू बघितलंस?" नाही म्हटलं की छिन्नी परत हातात. विषय संपला. बाया वैतागायच्या. म्हणायच्या, या माणसाशी घटकाभर बोलावं तर कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं.

अण्णांचं पंचवटीत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. पण त्यांची खरी ख्याती भांड्यांवर नावं घालण्याची. आता मशीन आलं, दोन मिनिटांत घरघर करून नाव उमटतं. अण्णा मात्र छिन्नी-हातोडीनेच घालायचे. आधी खडूने भांड्यावर लिहून दाखवायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "नीट बघ. घातलेलं नाव पुसत नाही." गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला बसवून वाचायला लावायचे. त्यांच्या अक्षरांना एक वळण होतं. आमच्या आईच्या लग्नातल्या घागरीवर 'सौ. लता' असं त्यांनीच घातलेलं. त्यातल्या 'ल'ची शेपटी अशी काही डौलात वळायची की लहानपणी मी ती बोटाने गिरवत बसायचे.

दुकानाला लागून पोलीस चौकी. त्यामुळे पंच म्हणून अण्णा कायमचेच. पोलिसांनी काही जप्त केलं की ते दोन तिऱ्हाइतांनी डोळ्यांनी बघून कागदावर सही करायची असते, तो पंचनामा. लोक टाळतात, कारण पुढे कोर्टाचे हेलपाटे. अण्णा मात्र जायचे, आणि पोलिसांना सळो की पळो करून सोडायचे. एकदा चोरीच्या पिशवीचा रंग काळा लिहिला होता. अण्णांनी ती उन्हात धरली, निळी निघाली, आणि हवालदाराला सगळा कागद पुन्हा लिहायला लावला. हवालदार म्हणे, काय फरक पडतो? अण्णा म्हणाले, तुम्हाला नाही पडत, मला पडतो, सही माझी आहे.

आणि याच माणसाने एकदा न बघता सही केली. तीही आमच्यापायी.

माझा धाकटा भाऊ सागर. कॉलेजात असताना एमडीच्या नशेच्या नादाला लागला. गल्लीच्या टोकाला राहणारा पिंट्या त्याला ती पावडर आणून द्यायचा. पिंट्या काही कुणी मोठा डॉन नव्हता. आमच्याच अंगणात गोट्या खेळलेला, तोही आत बुडालेला, स्वतःपुरतं मिळावं म्हणून दुसऱ्यांना विकायचा. पण आमच्या घराचं वाटोळं व्हायचं ते झालंच. आधी सागरचा मोबाईल गेला, मग आईच्या पाटल्या, आणि एक दिवस ती घागर. आईने घर पालथं घातलं. सागर शांतपणे म्हणाला, मला काय माहीत.

त्या आठवड्यात अण्णा मोड, म्हणजे जुनं तांबं-पितळ, आणायला भंगारवाल्याकडे गेले होते. ढिगात त्यांना त्यांचाच 'ल' दिसला. घागर चेपलेली होती. त्यांनी ती सोडवली, ठोकून सरळ केली आणि खांद्यावर घेऊन आमच्याकडे आले. आईने दार उघडलं, घागर बघितली आणि तिथेच उंबऱ्यात बसून मोठ्याने रडली. अण्णांनी घागर तिच्याजवळ टेकवली. चहासुद्धा न घेता गेले.

त्यानंतर दोनच दिवसांनी पिंट्याला पकडलं. त्याच्याकडे विकण्याइतका माल निघाला म्हणे. अण्णांनी सही केली, दुसरी सही एका रिक्षावाल्याची. गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते. आई अण्णांच्या पाया पडली. ते पाय मागे घेत म्हणाले, "माझ्या नको पडू." मला तेव्हा तो विनय वाटला.

पिंट्या आत गेला. सागरला आम्ही व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. त्या काळात अण्णांच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. एक म्हणायचा, असल्यांना चौकात लटकवा. दुसरा म्हणायचा, अहो, पिणारा आजारी असतो, आजाऱ्याला कुणी बेड्या घालतं का? तिसरा म्हणायचा, कुंभात चिलमी ओढतात त्यांना आपण नमस्कार करतो, दारूला सरकारच परवाना देतं, मग नेमका कायदा तरी कशाचा? चौथा म्हणायचा, मोकळीक दिली तर घरटी एक सागर होईल. हे म्हणताना त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्याने चहात तोंड खुपसलं. मी अण्णांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी छिन्नीची धार अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, "मला सगळ्यांचंच पटतं, मनू. तोच माझा ताप झालाय."

सागर घरी आला तेव्हा निम्मा झाला होता, पण डोळे त्याचे होते. एकदा जेवता जेवता म्हणाला, "ताई, पुड्या मी पण पोचवल्यात. त्या दिवशी पिंट्याऐवजी मी असतो." आई ताटावरून उठून गेली. तिला ते ऐकायचंच नव्हतं. मला तरी कुठे ऐकायचं होतं? आपला तो आजारी आणि दुसऱ्याचा तो गुन्हेगार, असं मनाशी पक्कं केलं की झोप तरी लागते.

खटला उभा राहिला. रिक्षावाला आधीच पलटला होता, म्हणजे सगळी मदार अण्णांवर. मी अर्धी रजा टाकून आईला घेऊन कोर्टात गेले. पिंट्या समोर उभा, गालफडं बसलेली. सरकारी वकिलांनी अण्णांना कागद दाखवून विचारलं, ही सही तुमची? हो. हा माल तुमच्यासमोर जप्त केला? अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सही माझी आहे. माल मी बघितला नाही."

कोर्टात कुजबुज झाली. न बघता सही का केली, असं न्यायाधीशांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "राग आला होता, साहेब." बस्स. एवढंच. कुणाचा राग, कशाचा, ते बोलले नाहीत. आईचा हात माझ्या हातात होता, तो तिने सोडवून घेतला.

अण्णांना फितूर ठरवलं. पिंट्या सुटला. गल्लीत बातमी आमच्या आधी पोचली होती. अण्णांनी पैसे खाल्ले, असं उघड बोलायला लागले लोक. तू बघितलंस का, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. आईने घागर माळ्यावर टाकली आणि अण्णांशी बोलणं तोडलं.

मी मात्र दुकानात जाऊन भांडले. चांगली तणतणले. म्हटलं, आमच्यासाठी एकदा खोटं केलंत ना, मग तेच निभवायला काय झालं होतं? तो विष विकत होता हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? अण्णांनी छिन्नी खाली ठेवली.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण बघितलं नव्हतं. उद्या तुझ्या सागरच्या कागदावर कुणी रागाने सही केली, तर तू काय म्हणशील?"

मी तशीच उठून आले. उत्तर नव्हतं म्हणून नाही, एकाच वेळी दोन उत्तरं होती म्हणून. आणि गंमत बघा, ज्या अण्णांनी पिंट्याला सोडवलं ते त्याला सागरच्याच केंद्रात स्वतः घेऊन गेले. तो पळून आला. पुन्हा नेलं, पुन्हा पळाला. पलीकडच्या गल्लीतलं एक पोरगं पावडरीपायी दवाखान्यात गेलं तेव्हा लोक अण्णांच्या दुकानासमोर येऊन थुंकले. ती पावडर पिंट्याने दिली होती का? मी बघितलं नाही. पण दिली असेल तर? या 'तर'पाशी माझं डोकं बंद पडतं. अण्णांचंही पडत असावं. शेवटी शेवटी ते खडूने लिहिलेलं नाव पुसायचे, परत लिहायचे, परत पुसायचे.

गेल्या थंडीत अण्णा गेले. झोपेतच. आई अंत्यदर्शनाला गेली नाही. मी घाटावरून आले तर ती मोरीत बसून ती घागर चिंचेने घासत होती, आणि घासता घासता रडत होती. दुसऱ्या दिवसापासून घागर परत पाण्याच्या जागी आली.

परवा रविवारी दुपारी दारात एक नवा हवालदार उभा राहिला. मी महापालिकेत आहे हे त्याला चौकीतून कळलं होतं, सरकारी माणूस पंच असलेला बरा, म्हणाला. गल्लीच्या टोकाला एकाला धरलंय. दोनच मिनिटं, मॅडम, कागद तयार आहे, फक्त सही. कुणाला धरलंय, मी विचारलं.

"तो जुनाच आहे ना, पिंट्या."

सागर आत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी चपला घालायला लागले, पण बक्कल काही लागेना. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ होतं. मला वाटलं, आता म्हणेल, कर सही, सूड घे. किंवा म्हणेल, जाऊच नकोस. ती म्हणाली, "नीट बघ. असेल तर आहे म्हण. नसेल तर नाही म्हण."

मी हवालदाराला म्हटलं, कागद राहू दे, आधी माल दाखवा. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढे चालू लागला. मी त्याच्या मागे जिना उतरले. पिंट्याच्या पिशवीत काही निघावं असं मला वाटत होतं की निघू नये असं, ते मला आजही सांगता येणार नाही.