गुरुवारची फेरी
नमुने टिकवायच्या फॉर्मालिनचा वास आला की मला पवईचा तलाव आठवतो. ऐंशीच्या दशकात तलावाच्या पाण्यावर पीएचडी करायला मला शिष्यवृत्ती मिळाली होती. मार्गदर्शक दोन, एक रसायनशास्त्राचे, एक प्राणिशास्त्राचे. जेवायच्या सुट्टीत रसायनवाले म्हणत, "तू मासेवाल्यांची ना?" आणि प्राणिशास्त्रवाले म्हणत, "तू तर ॲसिडवाल्यांची." मग डबा जिन्यात एकटीने खायचा. फक्त सोमवारी, पाण्याचे नमुने घेताना, म्हातारे नावाडीकाका होडीत माझ्याबरोबर जेवायचे. एकदा मी गुरुवारीच जाऊन उभी राहिले. "बाटल्या कुठं गो तुझ्या?" "विसरले, काका." त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि होडीचा दोर सोडला. माझ्या जाडजूड प्रबंधात तलावावरच्या प्रत्येक फेरीची नोंद आहे. त्या गुरुवारची तेवढी नाही.