शेखिना आणि हेर ब्रांटची वही

परदेशात चार मराठी माणसं दर शनिवारी एकत्र बसली की किस्से आपोआप साठतात. आमच्यात तर सुमनमावशी होत्या, त्यामुळे साठा जरा जास्तच झाला.

गोष्ट दोन हजार पाच-सहा सालची. जर्मनीतल्या वाल्डॉर्फजवळच्या एका चर्चच्या तळघरात आम्ही सात मराठी ख्रिस्ती जमायचो, बहुतेक सॉफ्टवेअरवाले. मावशी नगरच्या निवृत्त शिक्षिका, उन्हाळ्यात लेकीकडे यायच्या. पन्नाशीनंतर एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे हिब्रू शिकलेल्या. आमचा वर्ग त्याच घ्यायच्या.

चर्चचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा हेर ब्रांट, दर शनिवारी येऊन डोकी मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. नियम पक्का होता. किमान पाच माणसं हवीत. लागोपाठ तीन शनिवार कमी भरली तर खोली काढून घेणार. मावशी त्याला चहा विचारायच्या. तो म्हणायचा, "नको, ड्यूटीवर आहे." तरी पुढच्या शनिवारी थर्मासशेजारी एक कप जास्त असायचाच.

*

मावशींची नात रूथ, वय वर्षं नऊ. आजी मराठीत विचारणार, ही कॉम्प्युटरवरची नजर न काढता जर्मनमध्ये उत्तर देणार.

एकदा मावशी म्हणाल्या, "जर्मनमध्ये बोल, चालेल. पण तोंड माझ्याकडे करून बोल. देवाच्या सान्निध्याला हिब्रूत पानीम म्हणतात. पानीम म्हणजे मुख."

महिन्याभराने चर्चमधल्या मुलांच्या वर्गात पास्टरबाईंनी विचारलं, देव जवळ असतो म्हणजे काय? रूथ म्हणाली, "आजी कामात असते, तरी हाक मारली की मान वळवून बघते ना, तसं."

बाईंनी ते रविवारच्या प्रवचनात सांगितलं! आम्ही सगळे मागच्या बाकावर ताठ बसलो होतो.

*

हायडेलबर्गला धर्मशास्त्र शिकणारा एक जर्मन विद्यार्थी आमच्या वर्गाला आला. मावशी शेखिनेबद्दल सांगत होत्या, म्हणजे देवाचं माणसांत येऊन राहणं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी सुरुवात करून तो म्हणाला, "हा शब्द पवित्र शास्त्रात कुठेच नाही. नंतरच्या यहुदी गुरूंनी वापरला."

"गेनाऊ," मावशी म्हणाल्या. अगदी बरोबर. मग मला भाषांतर करायला लावलं. "तुझ्या भाडेकरारात माया हा शब्द आहे का? तरी घरात आजी आहे की नाही, ते दारातच कळतं."

त्याने पेन काढून ते लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी तो आपल्या प्राध्यापकांचे दोन प्रश्न घेऊन हजर! नगरच्या बाईंना हायडेलबर्गहून प्रश्न आले, हे मी पुण्याला फोन करून तीन जणांना सांगितलं.

*

आमच्यातल्या सॅमला न्युरेम्बर्गला नोकरी लागली. इथे लोक घर बदलताना स्वयंपाकघरसुद्धा सुटं करून नेतात. सिंक उचकटता उचकटता सॅमचा धीर सुटला. "मावशी, तिकडे मी एकटाच हो."

मावशी स्क्रू डबीत भरत होत्या. "मिश्कान माहितीये ना? वाळवंटातला देवाचा तंबू. लोक निघाले की तंबू गुंडाळायचे आणि देवही बरोबर निघायचा. त्या दांडक्याला नंबर घाल, नाहीतर तिकडे जोडताना बोंब होईल."

सॅम गेला आणि आमचं एक डोकं कमी झालं.

*

ऑगस्टमध्ये बाकीचेही सुट्टीवर गेले. दोन शनिवार कमी भरले. तिसऱ्या शनिवारी मावशी, रूथ आणि मी, एवढेच. खोली जाणार हे दिसतच होतं.

मी म्हटलं, "मावशी, दोघं आत्ताच गेले असं सांगू या."

"शास्त्र शिकायला बसायचं आणि खोटं बोलायचं?"

हेर ब्रांट आला. मावशींनी स्वतःच सांगितलं, "ड्राय." तीन.

त्याने पेन्सिल काढली, पण लिहिलं नाही. आज काय शिकलात, म्हणून विचारलं. रूथने त्याच्याकडे तोंड करून जर्मनमध्ये सांगितलं, "यहुदी गुरू म्हणायचे, माणसं शास्त्र घेऊन बसली की शेखिना त्यांच्यात येऊन बसते. आणि आमचा प्रभू म्हणाला, माझ्या नावाने दोघं-तिघं जमले तरी मी तिथे असतो."

हेर ब्रांटने पेन्सिल खिशात ठेवली. मग दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली आणि तो जास्तीचा कप उचलला. "फिअर," स्वतःशीच पुटपुटला. चार.

चहा संपवून, वहीत लिहून, ती दारामागच्या खिळ्याला अडकवून तो गेला. मी धावत जाऊन पान उघडलं.

आकडा पाच होता.