परबचा ओके रिपोर्ट

माझी शेवटची पोस्टिंग दहिसरला झाली. व्यसनमुक्ती केंद्र, दुसरा मजला, पुरुष वॉर्ड. मूव्हमेंट ऑर्डर बायकोने काढली. फौजेतून रिटायर झाल्यावर मी एवढी रम रिचवली होती, की विरोध करण्याइतकीही शुद्ध उरली नव्हती.

शेजारच्या खाटेवर नाईक दामोदर परब. मूळचा मालवणकडचा, राहायला दिंडोशीला. आमच्याच कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. तो आपल्या पायांनी भरती झाला होता. हात थरथरायचे थांबल्यावर आम्ही दोघांनी वॉर्डची बरॅक करून टाकली. सकाळी फॉल-इन, पीटी, चादरी ताणून बसवलेल्या. बाकीचे पेशंट शिव्या घालत, पण करत. परब दाढी करून, बटणं गळ्यापर्यंत लावून राऊंडला उभा राहायचा.

"झोप लागते?" डॉक्टरबाई विचारायच्या.

"सब ठीक, मॅडम."

ठीक काही नव्हतं. पहाडावर असताना खालच्या चौकीतून त्याचा बडी, म्हणजे जोडीदार, तुकाराम दर तासाला रेडिओ सेटवर ओके रिपोर्ट द्यायचा. एका दुपारी त्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. सेटवर आवाज आला, "अल्फा, सुनो..." आणि बंद. परब अंधार पडेपर्यंत बोलावत राहिला. "ब्राव्हो, जवाब दो, ओवर." मग हेडफोन काढून ठेवले आणि साहेबांना रिपोर्ट दिला. रडला नाही.

एकदा चहा पिताना तो म्हणाला, "उस्ताद, तुकाराम अजून सेटवर बोलता. 'अल्फा, सुनो' म्हणता. दारू घेतली की गप ऱ्हवता. आता दारू नाय. मी काय जवाब देव?"

"डॉक्टरबाईंना सांग."

"माका येडो म्हणतीत."

शेवटी मीच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, दारू हा एक आजार, आवाज हा दुसरा. दोन्हींवर एकदम इलाज हवा, नाहीतर एक दुसऱ्याला परत घेऊन येतो. त्यांनी परबला बोलावून खुर्ची दिली. तो बसला नाही, सावधान उभा राहिला.

"सब ठीक, मॅडम. उस्तादांचा गैरसमज झालाय."

फौजेत पोस्टवरून रिपोर्ट असाच जातो. आधी सब ठीक, मग बाकीचं. परबचं बाकीचं कधी आलंच नाही.

त्याची बायको, सुनंदावहिनी, भेटीला आल्या. नवऱ्याचा भरलेला चेहरा बघून हरखल्या. "भावोजी, हे तर लग्नातल्यासारखे दिसतायत. आता कशाला ठेवायचं इथे?" अजून थांबा, म्हणून डॉक्टरबाईंनी परोपरीने सांगितलं. वहिनी परबकडे वळल्या. "तुम्हीच सांगा ना. बरं वाटतंय ना?"

"सब ठीक."

स्वतःहून आलेल्या माणसाला अडवता येईना. जाताना त्याने माझी चादर ओढून सरळ केली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

गणपतीच्या आधी वहिनींचा फोन आला. परबने स्वतःला संपवलं होतं.

"सकाळी विचारलं होतं हो मी, भावोजी. म्हणाले, सब ठीक."

दोघंही फोनवर नुसते रडलो.

तपासणीला मी अजून दहिसरला जातो. वॉर्डात नवा कोणी फौजी ताठ उभा दिसला की त्याच्या खाटेशी थांबतो. डॉक्टरबाई विचारतात, "कसे आहात, हवालदार?" सवयीने टाचा जुळतात. मग तुकाराम आठवतो, परब आठवतो. मी खुर्ची ओढून बसतो.

"ठीक नाही, मॅडम," मी सांगतो.